सेल्फ लागत नाही म्हणजे बॅटरीच गेली? अजिंठ्याच्या टी-पॉइंटवर बंद पडलेल्या गाडीचा खरा दोष असा ओळखा

अजिंठा लेणी बघायला स्वतःची गाडी घेऊन गेलात, तर ती थेट लेण्यांपर्यंत जात नाही. साधारण ४ किलोमीटर अलीकडे, फर्दापूरजवळच्या टी-पॉइंटवर गाडी लावायची आणि पुढे बसने जायचं. लेण्यांजवळ गाड्यांचा धूर नको म्हणून केलेली ही व्यवस्था. बसची रांग, तिकीट, पायऱ्या आणि मग घोड्याच्या नालेसारख्या वळलेल्या कड्यात कोरलेली ३० लेणी. कितीही घाई केली तरी तीन-चार तास जातातच.

तेवढा वेळ गाडी उन्हात उभी.

परत येईपर्यंत संध्याकाळ व्हायला आलेली असते. मुलं पेंगुळलेली, आजी-आजोबांचे पाय दुखतायत, छत्रपती संभाजीनगर अजून १०० किलोमीटर. आणि किल्ली फिरवल्यावर गाडी फक्त 'टक' म्हणते. यानंतर जे होतं ते महाराष्ट्रात सगळीकडे सारखंच. आजूबाजूचे चार लोक जमतात आणि चौघांचंही एका मिनिटात एकमत होतं, "बॅटरी गेली!"

कधीकधी ते खरंही असतं. पण कितीतरी वेळा माणूस चार-पाच हजारांची नवी बॅटरी टाकून घरी येतो आणि आठ दिवसांनी तीसुद्धा बसते. कारण दोष बॅटरीत नसतोच. तो बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरमध्ये असतो, एखाद्या ढिल्या टर्मिनलमध्ये असतो, नाहीतर मागच्या महिन्यात हौसेने बसवलेल्या डॅशकॅममध्ये असतो.

सकाळी चालू झालेली गाडी दुपारी का बसते?

टी-पॉइंटवरच्या या प्रसंगातच अर्धं उत्तर लपलेलं आहे.

गाडी सकाळी घरी एका झटक्यात चालू झाली, म्हणजे तेव्हा बॅटरीत जोर होता. त्यानंतर फुलंब्री, सिल्लोड, अजिंठा गाव आणि घाट असा दोन-अडीच तासांचा सलग प्रवास झाला. एवढ्या वेळात बॅटरी भरायला हवी होती. मग फक्त चार तास उभी राहिल्यावर ती रिकामी कशी झाली?

इथे चारच गोष्टी संभवतात. एक, काहीतरी चालू राहिलं. दोन, येताना अल्टरनेटरने बॅटरी चार्ज केलीच नाही, किंवा अर्धवट केली. तीन, बॅटरी चार्ज झाली पण वीज धरून ठेवायची तिची ताकद संपलेली आहे. चार, बॅटरी ठणठणीत आहे, पण तिची वीज स्टार्टरपर्यंत पोचत नाही किंवा स्टार्टरच अडला आहे.

चारही वेळा गाडी चालू होत नाही. पण नवी बॅटरी टाकून प्रश्न सुटतो तो फक्त तिसऱ्या वेळी.

पहिल्या शक्यतेचा हिशोब करून बघा. छोट्या पेट्रोल गाडीत बहुतेक वेळा ३५ एएचची बॅटरी असते. एएच म्हणजे अँपिअर-अवर. ढोबळमानाने एक अँपिअरचा प्रवाह ३५ तास द्यायची क्षमता. पावसाळ्यात वाघूर नदीचा धबधबा बघायला गर्दी होते, तेव्हा घाटात पाऊस असतो, लोक हेडलाइट लावतात आणि टी-पॉइंटवर घाईत उतरताना बंद करायला विसरतात. दोन साधे हॅलोजन दिवे आणि मागचे लाल दिवे मिळून साधारण १० अँपिअर ओढतात. म्हणजे नवी कोरी बॅटरीसुद्धा तीन-साडेतीन तासांत रिकामी. लेणी बघायला लागतो तेवढाच वेळ! आतला छोटा दिवा राहिला तर मात्र चार तासांत सहसा काही बिघडत नाही. त्याला एक अख्खी रात्र लागते.

लाइट लागतायत, मग बॅटरी कशी गेली?

हा प्रश्न प्रत्येक वेळी कोणीतरी विचारतंच आणि तो चुकीचा नाही.

इंजिन फिरवायला छोट्या पेट्रोल गाडीतही शंभर-दीडशे अँपिअर लागतात. डिझेलला त्याहून बरेच जास्त. गंमत म्हणजे एकूण वीज फार लागत नाही. दोन सेकंद सेल्फ मारला तर एका एएचचा दहावा भागही खर्च होत नाही. पण ती लागते एकदम, एका दमात. जुन्या बॅटरीची अवस्था गाळ साचलेल्या पाण्याच्या टाकीसारखी असते. बारीक धार येत राहते, त्यामुळे केबिनचा दिवा लागतो, हॉर्नही वाजतो. पण मोटर लावून जोरात पाणी ओढायला गेलात की धार तुटते.

हे काम पूर्वी माणूस करायचा. जुन्या जीपच्या पुढे हँडल घालून इंजिन फिरवणारे लोक अजून अनेकांच्या आठवणीत असतील. १९१२ मध्ये अमेरिकेत कॅडिलॅकने चार्ल्स केटरिंग यांनी तयार केलेला विजेचा स्टार्टर गाडीत आणला आणि हँडलची कटकट हळूहळू संपली. शिसं आणि गंधकाम्लाची बॅटरी त्याहून जुनी, गॅस्टन प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाची १८५९ सालची. आपल्या बॉनेटखाली आजही मुळात तीच आहे.

गाडी चालू झाली की बॅटरीचं मुख्य काम संपतं. पुढे सगळा भार अल्टरनेटर उचलतो. इंजिनच्या पट्ट्यावर फिरणारं हे छोटं जनित्र. बरेच मेकॅनिक त्याला अजूनही डायनॅमोच म्हणतात. एसीचा ब्लोअर, रेडिएटरचा पंखा, पेट्रोल पंप, इंजेक्टर हे सगळं तोच चालवतो आणि उरलेल्या विजेवर बॅटरी भरतो. 'उरलेल्या' हा शब्द महत्त्वाचा आहे. अल्टरनेटर अशक्त झाला किंवा पट्टा घसरायला लागला, तर मे महिन्यात एसी फुल्ल ठेवून केलेल्या प्रवासात बॅटरीसाठी काही उरतच नाही. उलट बॅटरीतूनच थोडं थोडं जातं. गाडी चालू असेपर्यंत कळत नाही. टी-पॉइंटवर बंद केली की हिशोब समोर येतो.

मीटर नाही? मग कान आणि हेडलाइट वापरा

बॉनेट उघडण्याआधी दोन फुकटच्या गोष्टी. गिअर न्यूट्रलला आणि क्लच पूर्ण दाबलेला आहे ना? बऱ्याच नव्या गाड्या क्लच दाबल्याशिवाय सेल्फ घेतच नाहीत. ऑटोमॅटिक असेल तर ती 'पी' किंवा 'एन'मध्येच हवी. हे वाचताना बाळबोध वाटेल, पण भरउन्हात दमलेला माणूस हे विसरतो.

आता किल्ली फिरवा आणि ऐका.

'टकटकटकटक' असा भराभर आवाज आला, तर स्टार्टरचा सोलेनॉइड ओढला जातोय, पण जोर कमी पडल्याने लगेच सुटतोय. पुन्हा ओढला जातोय, पुन्हा सुटतोय. ही बहुधा उतरलेली बॅटरी किंवा खराब जोड.

एकच जोरदार 'टक' आणि पुढे शांतता असेल, तर संशय स्टार्टर मोटरवर जातो. पण फार उतरलेली बॅटरी आणि ढिलं टर्मिनलही असाच आवाज देतात. इंजिन 'घुर्र... घुर्र...' करत जड फिरत असेल, तर बॅटरी थकलेली. इंजिन नेहमीच्या वेगाने फिरतंय पण पेट घेत नाही? मग बॅटरीला सोडा. दोष पेट्रोल, स्पार्क किंवा सेन्सरकडे आहे. अशा वेळी लोक सेल्फ मारत राहतात आणि चांगली बॅटरी उगाच उतरवतात.

काहीच आवाज नसेल तर हेडलाइटची परीक्षा घ्या. हेडलाइट लावा, एकाला पुढे उभं करा आणि किल्ली फिरवा. दिवे मंद होऊन विझल्यासारखे झाले, तर बॅटरीत जोर नाही किंवा तिच्या जोडांमध्ये अडथळा आहे. दिवे जराही हलले नाहीत, तर स्टार्टरकडे वीजच गेली नाही. फ्यूज, रिले, किल्लीचा स्विच किंवा क्लचचा स्विच तपासायला हवा. या परीक्षेला एक रुपया लागत नाही आणि चौघांचं एकमत मोडायला ती पुरते.

मग बॉनेट उघडा आणि बॅटरीची दोन्ही टर्मिनल हाताने हलवून बघा. हाताने फिरतंय? सापडला दोष. दहा नंबरच्या पान्याने आवळा. टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी जमली असेल, तर तीही वीज अडवते. घरी असाल तर कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून जुन्या ब्रशने ती साफ करता येते. टर्मिनल काढताना आधी निगेटिव्ह, बसवताना निगेटिव्ह शेवटी. हा क्रम पाळला की पाना चुकून गाडीच्या पत्र्याला लागला तरी ठिणगी उडत नाही. डोळे आणि हात मात्र जपा, त्या भुकटीत आम्ल असतं.

तीन आकडे, आणि खेळ उघड

साधा डिजिटल मल्टिमीटर चार-पाचशे रुपयांत येतो. डॅशबोर्डच्या कप्प्यात पडून राहिला तरी एका चुकीच्या बॅटरीचे पैसे वाचवून स्वतःची किंमत दहापट वसूल करतो. मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवायचा, लाल टोक बॅटरीच्या प्लसला, काळं मायनसला. मोजायचं तीन वेळा.

पहिला आकडा इंजिन बंद असताना. बॅटरीत सहा खण असतात आणि प्रत्येक खण साधारण २.१ व्होल्ट देतो. म्हणून भरलेली बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवते. १२.४ म्हणजे पाऊण भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, १२ म्हणजे पाव. बघा, '१२ व्होल्टची बॅटरी १२ व्होल्ट दाखवतेय, म्हणजे ठीक आहे' हा समज किती महागात पडू शकतो. आकडा १०.५ च्या आसपास असेल आणि चार्ज करूनही वर येत नसेल, तर सहापैकी एक खण मेलेला आहे. त्या बॅटरीचा निरोप घ्या.

हे मोजताना एक काळजी घ्यावी लागते. गाडी नुकतीच बंद केली असेल, तर आकडा फुगलेला दिसतो. काही तास थांबा, किंवा दोन मिनिटं हेडलाइट लावून बंद करा आणि मग मोजा. टी-पॉइंटवर चार तास उभ्या असलेल्या गाडीचा आकडा मात्र बऱ्यापैकी खरा असतो.

दुसरा आकडा सेल्फ मारताना. एकाने किल्ली फिरवायची, दुसऱ्याने मीटरकडे बघायचं. व्होल्टेज घसरणारच, पण ते साधारण ९.६ च्या खाली जाऊ नये. आधी १२.६ होतं आणि सेल्फ मारताच ७-८ वर कोसळलं, तर बॅटरी वरून भरलेली दिसते, आतून पोकळ आहे. ही खरी गेलेली बॅटरी. आधीच १२ च्या आसपास होतं आणि खाली आलं, तर निकाल देण्याची घाई नको. ती नुसती उपाशीही असू शकते. चार्ज करून पुन्हा मोजायचं. आणि व्होल्टेज १२.४ वर तसंच राहिलं, इंजिनही हललं नाही, तर बॅटरी निर्दोष. पुढची तार किंवा स्टार्टर बघा.

तिसरा आकडा इंजिन चालू असताना, आणि लोक नेमका हाच मोजत नाहीत. अल्टरनेटर ठीक असेल तर बॅटरीवर १३.८ ते १४.५ व्होल्टच्या आसपास दिसतं. आता हेडलाइट, एसी, ब्लोअर सगळं लावा आणि ॲक्सिलरेटर थोडा दाबा. आकडा १३.५ च्या वर टिकला तर चार्जिंग चांगलं. १२.५ वरून हळूहळू खाली सरकत असेल, तर अल्टरनेटर काम करत नाही आणि गाडी बॅटरीच्या शिलकीवर चालली आहे. १५ च्या वर गेलं तर उलटा आजार. रेग्युलेटर बिघडलाय, बॅटरी जास्त चार्ज होऊन आतून उकळतेय, पाणी उडतंय. अशा गाडीत नवी बॅटरी टाकली तर ती काही महिन्यांत मरते आणि शिव्या बॅटरी कंपनीला बसतात.

अलीकडच्या काही गाड्यांत, विशेषतः स्मार्ट हायब्रिड प्रकारात, संगणक अल्टरनेटरचं चार्जिंग गरजेप्रमाणे कमी-जास्त करतो. तिथे आकडा काही वेळ १२.६ दिसला म्हणून अल्टरनेटर बाद ठरवायचा नाही. दिवे लावून, इंजिनचा वेग बदलून पाच-दहा मिनिटं बघायचं.

आकडा बरोबर, तरी बॅटरी उतरते? अल्टरनेटरमधला एखादा डायोड गेलेला असू शकतो. इंजिन चालू ठेवून मीटर एसी व्होल्टवर घ्या. बॅटरीवर अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त एसी दिसला तर डायोडवर संशय घ्यायला जागा आहे. असा डायोड दिवसा चार्जिंग कमी करतो आणि रात्री बंद गाडीतून बॅटरीही पितो. डायोडचा संच किंवा रेग्युलेटर बऱ्याच गाड्यांत वेगळा बदलता येतो. त्यामुळे "पूर्ण अल्टरनेटर बदलावा लागेल" असं कोणी म्हटलं, तर आधी ऑटो इलेक्ट्रिशियनला तो उघडून बघायला सांगा.

घाटात लाल दिवा लागला तर?

डॅशबोर्डवरचा बॅटरीचा लाल दिवा बॅटरी खराब झाल्याचं सांगतो, असं बहुतेकांना वाटतं. चालत्या गाडीत त्याचा अर्थ वेगळा आहे: चार्जिंग बंद झालंय.

आता पाहायचं ते तापमान. अनेक इंजिनांत अल्टरनेटर आणि पाण्याचा पंप एकाच पट्ट्यावर फिरतात. लाल दिव्याबरोबर तापमानाचा काटाही चढायला लागला, तर तो पट्टा तुटला असण्याची दाट शक्यता. लगेच सुरक्षित जागी गाडी बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा. "फर्दापूरपर्यंत तरी जाऊ" म्हणत उतारावर तशीच रेटली, तर काही शे रुपयांच्या पट्ट्यापायी इंजिनचं हेड बसवायची वेळ येते.

तापमान ठीक असेल तर थोडा वेळ हातात आहे. तो किती, हे गणिताने काढता येतं. एसी, पंखा, पंप, दिवे मिळून २५-३० अँपिअर जात असतील, तर ३५ एएचची बॅटरी तासाभराच्या आसपास साथ देईल, जुनी असेल तर त्याहूनही कमी. एसी, ब्लोअर, गाणी, मोबाइलचा चार्जर बंद करा. सूर्य वर असेपर्यंत दिवे लागत नाहीत, हा मोठाच फायदा. आणि वाटेत चहाला थांबलात तरी इंजिन बंद करू नका, कारण पुन्हा सेल्फ लागेलच याची खात्री नाही. या हिशोबाने अजिंठ्याहून सिल्लोड गाठता येतं, संभाजीनगरचा विचार करू नये. जळगावकडे निघाला असाल तर तेही साठेक किलोमीटर आहे. आधी पहूरला थांबून बघावं.

रोज सकाळी बॅटरी उतरलेली असते, रात्रीतून ती कोण खातं?

बंद गाडीही थोडी वीज खाते. घड्याळ, अलार्म, रिमोटची वाट बघणारा संगणक. हा खर्च ५० मिलिअँपिअरच्या आत असेल तर सामान्य मानतात. म्हणजे दिवसाला १.२ एएच. चांगली ३५ एएचची बॅटरी या वेगाने निम्म्यावर यायला दोन आठवडे घेते. मुंबई-पुण्यात नोकरीला असलेल्यांची गावी ठेवलेली गाडी महिन्याभराने चालू होत नाही, त्यात म्हणूनच बॅटरीचा काही गुन्हा नसतो.

आता यात बाहेरून लावलेला डॅशकॅम, जीपीएस ट्रॅकर, अँप्लिफायर किंवा चुकीच्या वायरला जोडलेला म्युझिक सिस्टिम घाला. ३०० मिलिअँपिअर जायला लागले, तर दिवसाला ७ एएचहून जास्त. अडीच दिवसांत बॅटरी निम्मी.

शोधायची पद्धत सोपी आहे, फक्त धीर लागतो. मीटर १० अँपिअरच्या खाचेत लावून बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल आणि त्याची सुटी केलेली वायर यांच्या मध्ये जोडायचा. दारं बंद, किल्ली गाडीपासून लांब. सुरुवातीला आकडा मोठा दिसेल. गाडीतले संगणक झोपायला अर्धा तासही घेतात. त्यानंतरही आकडा मोठाच राहिला तर एकेक फ्यूज काढत जायचं. जो फ्यूज काढल्यावर आकडा धाडकन खाली येतो, चोर त्या वायरवर आहे. या जोडणीत सेल्फ मात्र मारू नका. मीटरचा फ्यूज जागीच उडेल.

खरा शत्रू ऊन

थंडीत बॅटरी मरते, हे वाक्य बर्फाच्या देशांतून आलेलं आहे. मराठवाडा आणि खानदेशात बॅटरी मरते ती एप्रिल-मेमध्ये. फक्त ते कळतं उशिरा.

रासायनिक क्रियांचा वेग दर १० अंशांनी साधारण दुप्पट होतो, असा एक ढोबळ नियम आहे. बॅटरीचं आयुष्य २५-२७ अंशांच्या हिशोबाने धरलेलं असतं. इथे हवाच ४० च्या पुढे जाते आणि बॉनेटखाली ६० अंश सहज ओलांडले जातात. त्या उष्णतेत बॅटरीतलं पाणी उडतं, आतल्या शिशाच्या जाळ्या गंजतात. उन्हाळ्यात इंजिन सहज फिरतं, म्हणून दुखणं झाकलं जातं. मग डिसेंबरच्या एखाद्या सकाळी तेल घट्ट झालेलं असतं, सेल्फला जास्त जोर लागतो आणि बॅटरी नकार देते. बिल थंडीच्या नावावर फाटतं.

म्हणून उन्हाळा संपताना एकदा तपासणी करून घ्यावी. झाकणं उघडता येणारी बॅटरी असेल तर पाण्याची पातळी बघा आणि कमी असेल तर फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला. बोअरच्या पाण्यातले क्षार बॅटरीची वाट लावतात आणि घरचं फिल्टरचं पाणीही डिस्टिल्ड नसतं. वरच्या हिरव्या डोळ्यावर फार विसंबू नका. तो सहापैकी एकाच खणातलं आम्ल बघतो. बाकीच्या पाच खणांत काय चाललंय याची त्याला खबर नसते.

टी-पॉइंटवर सावलीची जागा मिळाली तर चार पावलं जास्त चालायला लागली तरी घ्या. घाट उतरून आलेल्या तापलेल्या गाडीला चार तासांचं ऊन चुकवणं, एवढं तरी हातात आहे.

धक्का मारावा की केबल लावावी?

केबल. धक्का ऑटोमॅटिक गाडीला चालत नाही. मॅन्युअल गाडी इंजेक्शनची असेल आणि बॅटरी पूर्ण मेलेली असेल, तर पेट्रोल पंप आणि संगणकालाच वीज मिळत नाही. कितीही ढकला, ती चालू होणार नाही. आणि घाटाच्या उतारावर गाडी सोडून 'गिअरमध्ये टाकून बघू' हा प्रयोग तर अजिबात नको. इंजिन बंद असताना ब्रेक दोन-तीन वेळा दाबल्यावर दगडासारखा होतो आणि पॉवर स्टिअरिंगही जड होतं.

केबल लावायचा क्रम असा: लाल चिमटा आधी बंद गाडीच्या प्लसला, मग चालू गाडीच्या प्लसला. काळा चिमटा चालू गाडीच्या मायनसला आणि त्याचं दुसरं टोक बंद गाडीच्या इंजिनच्या रंग नसलेल्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि शेवटची ठिणगी त्याच्याजवळ नको, म्हणून हा उपद्व्याप. जोडल्यावर पाच मिनिटं थांबा, मग सेल्फ मारा. केबल काढताना क्रम उलटा. बॅटरी फुगलेली किंवा फुटलेली असेल तर केबल लावूच नका. टोचन करून न्या.

आणि एक जुनी सवय आता सोडायला हवी. अल्टरनेटर चालतो का हे बघायला काही जण चालू इंजिनवर बॅटरीचं टर्मिनल काढतात. गाडी चालू राहिली तर अल्टरनेटर पास. कार्ब्युरेटरच्या काळात हे खपून गेलं. आज बॅटरी अचानक सुटली की अल्टरनेटरच्या व्होल्टेजचा मोठा झटका बसतो आणि त्यात गाडीचा ईसीयू जाऊ शकतो, जो बॅटरीपेक्षा कितीतरी महाग आहे. समोरचा माणूस पाना घेऊन चालू इंजिनकडे वळला, तर त्याला नम्रपणे थांबवा आणि मीटर आहे का विचारा.

बदलायचीच असेल तर

केबल लावून गाडी चालू झाली, तर परतीचा प्रवास हीच एक तपासणी समजा. अर्ध्या तासात बॅटरी पूर्ण भरत नाही, दोन-तीन तास चांगला हातभार लागतो. घरी पोचल्यावर गाडी रात्रभर उभी ठेवा आणि सकाळी पहिला आकडा मोजा. रात्री चार्जिंग १४ होतं आणि सकाळी १२.५ च्या वर आहे, तर टी-पॉइंटवर काहीतरी चालू राहिलं होतं किंवा टर्मिनल ढिलं होतं. चार्जिंग १४ होतं, रात्री काही गळत नव्हतं आणि तरी सकाळी ११.९, तर बॅटरी वीज धरत नाही. बदला.

घेताना आधीच्याच क्षमतेची आणि प्रकाराची घ्या. सिग्नलला आपोआप बंद-चालू होणाऱ्या गाड्यांना त्यासाठी बनवलेली खास बॅटरी लागते; स्वस्त पडते म्हणून साधी टाकली तर ती लवकर बसते. बॅटरीवर कोरलेला उत्पादनाचा महिना बघा, दुकानात वर्षभर पडून असलेली घेऊ नका. वॉरंटी कार्डावर तारीख आणि शिक्का मारून घ्या, त्यात पूर्ण बदलून मिळण्याचा काळ किती आणि नंतर सवलतीत मिळण्याचा किती हे वेगवेगळं लिहिलेलं असतं. पहिल्याच दिवशी नव्या बॅटरीवर तिसरा आकडा, म्हणजे चालू इंजिनचा, दुकानदारासमोर मोजा.

जुनी बॅटरी दुकानातच द्या. तिच्यातलं शिसं पुन्हा वापरलं जातं, म्हणून तिचे पैसे बिलातून कमी होतात, आणि २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार ती योग्य ठिकाणी पोचवायची जबाबदारी उत्पादकांवर आहे. भंगारवाल्याकडे चार पैसे जास्त मिळतात खरे, पण तिथे आम्ल बऱ्याचदा गटारात ओतलं जातं.

इलेक्ट्रिक गाडीवाल्यांनी हे सगळं वाचून हसू नये. त्यांच्या मोठ्या बॅटरीशेजारी एक छोटी १२ व्होल्टची बॅटरीही असते. ती बसली तर मोठी बॅटरी ८० टक्के भरलेली असूनही गाडी जागेवरून हलत नाही.